करंजघोळातली कोऱ्या पाठीची बंडी

करंजघोळात पावसाळ्यात या आणि कुणालाही पाठीकडून नीट बघा. मेण पाजलेली जाड बंडी, शिवण न् शिवण बुजवलेली, आणि दोन खांद्यांच्या बरोब्बर मध्ये तळहाताएवढी जागा कोरी. तिथून पाणी आत जातं. पाहुणे हसतात, एवढी मेहनत करून पाठ भिजवायला कशाला ठेवली विचारतात. हसावं खुशाल. पण ठकूचं ऐकून मग हसावं.

ठकूचा नवरा हैबती घाटातून कोकणात टपाल नेणारा. त्याचे दोन थोरले भाऊ ह्याच कामात, ह्याच घाटात पावसानं गारठून गेलेले. तिसरा जाऊ द्यायचा नाही, असं ठकूनं ठरवलं. कड्यावरचं मधाचं पोळं अर्धं काढून अर्धं ठेवायची रीत. हिनं खरवडून सगळं आणलं. मेण करंजेलात वितळवलं आणि निखाऱ्यावर बंडी शेकत शेकत एकवीस दिवस चोळलं. बोटं भाजली तरी थांबली नाही. दर हाताला एकच घोकायची म्हणे, पाणी ह्याला शिवू नये. कड्यावरच्या देवीला तिनं शब्दही दिला, मागशील ते देईन.

पहिल्या खेपेहून हैबती आला तो ठणठणीत कोरडा. बंडी कोरडी, केस कोरडे, पायसुद्धा कोरडे. चिखलात पाऊल उमटायचं, पण पायाला चिखल नसायचा. गावानं चेष्टा केली, "हैबती, बाजारला निघालास की आम्हाला मागं घे, इरलं तरी वाचेल." ठकू खुशीत होती. सासूनं मात्र दारातून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तो चालेल तिथं पाऊस बाजूला सरत होता. प्रेताला माणसं वाट देतात, तशी वाट देत होता.

दुसऱ्या दिवशी हैबतीनं तांब्या तोंडाला लावला, तर पाणी तळाला धरून बसलं. उपडा केला तरी थेंब पडेना. ओढ्यावर वाकला, तर ओढा मागं सरला आणि तळाचे गोटे उघडे पडले. त्यानं बंडी काढून फेकली. उपयोग नाही; अंगाची कातडीच बंडीसारखी झाली होती. तिसऱ्या दिवशी जीभ सुजली, बोलणं गेलं. आषाढाच्या भर पावसात माणूस तहानेनं मरायला लागला.

सासू म्हणाली, "पावसानं त्याला मेल्यात धरलंय, ठके. तो जिता आहे हे आता तूच पावसाला सांग."

ठकूनं त्याला पुन्हा बंडी चढवली, अंगणात उभं केलं आणि आपला उघडा तळवा त्याच्या पाठीवर दाबला.

"हात घे माझा," एवढंच ती कड्यावरच्या देवीकडे तोंड करून बोलली.

दिवसभर ती हलली नाही. तिच्या खांद्यावरून, कोपरावरून पाणी उतरायचं आणि मनगटाशी अडायचं. दिवस कलताना तळव्याखालचं मेण मऊ झालं आणि एक गार धार आत शिरलेली तिला कळली. हैबती शहारला. मग तोंड वर करून तो पाऊस प्यायला, असं सांगतात.

तो जगला, चांगला म्हातारा झाला. ठकूचा हात काही तिचा राहिला नाही. वैशाखातही ओला, विहिरीच्या तळासारखा गार. काडी धरली की विझायची. भाकरी थापायला तिला शेवटपर्यंत दुसरीचे हात लागले. ती गेली तेव्हा सरणावर सगळं जळलं, तो हात तेवढा राखेत ओला निघाला म्हणे. तो कड्याखाली पुरला.

आजही बंडीला मेण लावताना घरची बाई आधी पाठीवर आपला तळवा टेकवते आणि त्याच्या भोवतीनं मेण फिरवते. आता पोरं बाजारातून रेनकोट आणतात, तर त्यालाही बाया तापल्या सळईनं भोक पाडतात. पोरं कुरकुरतात, ऐकतं कोण. आणि गडी पावसातून आला की उंबऱ्यावरच बाई त्याच्या पाठीत हात घालते. ओलं लागलं तर आत घेते. कोरडं लागलं तर त्याला परत अंगणात नेते, आणि पाठीवर हात ठेवून उभी राहते.