जावळ कुणाच्या मांडीवर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हैबतरावांनी मठाच्या पायरीवर कागदांची पिशवी ठेवली आणि विचारलं,

“आक्का, आमचं मूळ कुठलं?”

मठातली गंगूआक्का उन्हाला बसून चिंचा फोडत होती. गर सुपात, चिंचोके पायाशी. तिनं मान वर केली नाही.

“इतकी वर्षं अडलं नाही. आत्ताच कशाला हवंय?”

हैबतरावांनी मागं पाहिलं. मागं त्यांच्या धाकट्या भावाची बायको, वैजंता, उभी होती. तिच्या कडेवर सोहम.

पोराला तिसरं सरत आलं तरी जावळ निघालं नव्हतं. केस खांद्यावर आलेले, गाठीच गाठी. उन्हाळ्यानं डोक्यात फोड उठले होते. खाजवून खाजवून पोर रडायचं. सासूबाई म्हणायच्या, पहिलं जावळ कुलदैवतापुढंच निघालं पाहिजे, तोवर कात्री लावायची नाही. आणि घरात कुणाला कुलदैवतच ठाऊक नव्हतं. मागल्या महिन्यात ताप चढून पोरानं डोळे फिरवले, तेव्हापासून वैजंताचा जीव थाऱ्यावर नव्हता. केस कापावेत तर देवाचा कोप, न कापावेत तर लेकराचे हाल. बिचारीनं करावं काय?

हैबतराव मोठे हुशार. लग्नकार्यात बसले की सांगायचे, आमचे पूर्वज कुठल्यातरी सरदाराबरोबर घोड्यावरून आले. त्यांनीच मनावर घेतलं. चुलत्यामालत्यांच्या ट्रंका उपसून वाडवडिलांची मृत्युपत्रं गोळा केली. मृत्युपत्र म्हटलं की वरती नाव यायचं, मूळचा राहणार कुठला ते यायचं. त्यावरून गाव सापडेल, गावावरून देव.

पण आजोबांच्या मृत्युपत्रात मूळ गाव निघालं आंबेरी आणि पणजोबांच्यात निघालं कोंडोशी. दोन्हीकडं जाऊन आले. आंबेरीचे लोक म्हणाले, तुमची माणसं कोंडोशीची. कोंडोशीचे म्हणाले, छे, ती तर आंबेरीहून आलेली.

“म्हणजे दोन्ही गावांनी तुम्हाला चहा पाजून वाटेला लावलं,” आक्का म्हणाली.

वैजंताला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

हैबतरावांनी दोन्ही मृत्युपत्रं वाचून दाखवली. आक्का चिंचा फोडत ऐकत राहिली.

“पिशवीत अजून एक दिसतंय.”

“ते बिनकामाचं आहे, आक्का. सगळ्यात जुनं, खापरपणजोबांचं, मोडी लिपीतलं. जाणकाराकडून लिहून आणलं, पण त्यानंच काहीतरी चुकवलंय.”

हे तिसरं वैजंताला ठाऊकच नव्हतं. मोठ्या भावजींनी घरात ते काढलं नव्हतं. ती त्यांच्याकडं बघत राहिली.

आक्कानं मात्र जोर केला नाही. ती वैजंताकडं वळली.

“जावळाला लेकरू कुणाच्या मांडीवर बसवतात गं?”

“मामाच्या.”

“मग तुझा भाऊ कुठाय?”

वैजंताचा चेहरा उतरला. तिला भाऊ नव्हता. सगळ्या बहिणीच. ही दुसरी काळजी तिनं अजून कुणापुढं बोलूनही दाखवली नव्हती.

“त्याचं काय एवढं!” हैबतराव मध्येच म्हणाले. “गावातला कुणीतरी चांगला माणूस बघायचा. मानला की झाला मामा.”

आक्काचा हात थांबला.

“मानला की झाला?”

...

सोहमनं डोकं खाजवलं आणि आईच्या खांद्यावर टेकवलं.

मग हैबतरावांनी आपणहून पिशवीत हात घातला. तिसरा कागद काढला. वाचताना आवाज खाली गेला होता.

“मी कोणाचा, कुठला, मला ठावके नाही. दुष्काळ होता. राही नावाच्या बाईने मला वाटेवरून उचलले. मांडीवर घेऊन पेज पाजली. लेक मानले. माझी गाय थोरल्यास द्यावी. रान धाकट्यास. राहीचे नाव दोघांस. ते घरात सांगत जावे.”

वैजंतानं ते नाव पहिल्यांदा ऐकलं. या घरात येऊन पाच वर्षं झाली होती. सासूबाईंच्या तोंडून नाही, कुणाच्याच तोंडून नाही. न पाहिलेली ती बाई, तिची ती पेज... वैजंताचा हात आपोआप सोहमच्या पाठीवरून फिरला. त्या दिवशी तिनं उचललं नसतं तर हे पोर तरी कुठलं?

“आता चारचौघांत काय सांगू, आक्का?” हैबतराव म्हणाले. “वाटेवर सापडलेल्याचा वंश?”

“गाय दिली?”

“दिली असणार.”

“रान?”

“त्यावरच तर घर उभं आहे आमचं.”

“आणि तिसरं?”

...

हैबतरावांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. परत काढला. खिशात ठेवला. छातीपाशी.

वैजंतानं धीर केला.

“आक्का, जावळ मग कुठं काढू?”

आक्कानं सूप बाजूला सारलं. लुगड्यावरचे चिंचोके झटकले. पाय दुमडून नीट मांडी घातली आणि दोन्ही हात पुढं केले.

सोहम परक्या माणसाकडं कधी जायचा नाही. आज गेला.

हैबतराव क्षणभर बघत राहिले. मग पायात चपला अडकवून कुणी न सांगता गावात गेले आणि न्हाव्याला घेऊन आले. येताना वाटेत त्यांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे. न्हाव्यानं वस्तरा काढण्याआधी हात जोडले. कुणाला जोडले, ते वैजंताला कळलं नाही.

पोर आधी रडलं. डोक्याला वारा लागला तसं निवांत झालं. मग आक्काच्या मांडीवरच झोपलं.

वैजंताच्या डोळ्यांतून धारा लागल्या. केवढं ओझं होतं, आणि किती दिवसांचं. ती आक्काच्या पायांवर वाकली. आक्कानं पाय आखडून घेतले.

“माझे कशाला?”

“मग मी कुणाच्या पाया पडू, आक्का? कुणाचे उपकार मानू?”

आक्कानं झोपलेल्या पोराच्या उघड्या डोक्यावर तळहात ठेवला.

“उठला की याला राहीचं नाव सांग. आणि म्हणावं, बाळा, पुढं सांग.”