श्वास रोखणारा टायर

जीपचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. प्रवाशांच्या खेपा मारणाऱ्या एका वडाप जीपच्या मागच्या एका टायरात हवा कमी होती. तो बसका झाल्याने पलीकडच्या जोडीदार टायरापेक्षा जास्त फिरे, आणि दोघांचा मेळ घालताना मधल्या डिफरन्शियल या दातेरी पेटीचे एरवी वळणावरच झिजणारे दात सरळ रस्त्यावरही घासून कण्हत.

जीपचा मालक शिवाप्पा रोज सकाळी लाथ मारून हवा बघे. तेवढ्यापुरता टायर श्वास रोखून टणक होई.

"का फसवतोस रे त्याला?" डिफरन्शियलने विचारलं.

"मला असंच मऊ बरं वाटतं. आणि आवाज तर तुझाच येतो."

तो आवाज ऐकून शिवाप्पाने डिफरन्शियल भंगारात घातला आणि नवा बसवला. आठवड्याभरात तोही कण्हू लागला.

"हाही तसलाच निघाला," टायर म्हणाला. तेवढ्यात शिवाप्पाची पावलं ऐकू आली, तसा त्याने श्वास रोखला.