मातीत राहिलेली खूण

फार फार पूर्वी, जेव्हा रान गावाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत असे, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ती लक्ष देऊन ऐकावी आणि मोठ्यांनी त्याहून अधिक लक्ष देऊन ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होते. श्रावणात तिथल्या रानात, जुन्या वारुळांच्या अंगावर, पांढऱ्याशुभ्र अळंब्या उगवत. त्यांचा रस्सा साऱ्या गावाने एकत्र बसून खावा, अशी तिथली रीत होती. मात्र रानातून आलेली प्रत्येक टोपली आधी गिरजाईच्या ओसरीवर उतरे. ती हो म्हणाली की चूल पेटे, आणि नाही म्हणाली की टोपली परत जाई.

गिरजाई वयाने म्हातारी, अंगाने किरकोळ आणि शिस्तीने कडक होती. गावातल्या मुलांना रान शिकवण्याचे काम तिचे होते. मुले तिला भीत, आणि पाऊस थांबला की तिच्याच दारात जमत.

"मला दाखवल्याशिवाय रानातलं काही तोंडात घालायचं नाही," ती मुलांना बजावी. "आणि अळंबी मुळासकट उपटायची नाही. जमिनीच्या वर कापून घ्यायची, खालचं खाली राहू द्यायचं. आज वारूळ मोडाल, तर पुढच्या वर्षी रानाकडे कोणत्या तोंडाने मागाल?"

मुले माना डोलावीत. सर्वांत जोरात मान डोलावी ती तिची नात शेवंता.

दर वर्षी गिरजाई स्वतः मुलांबरोबर रानात जाई. ती पुढे, मुले मागे. ती वाकून अळंबीच्या बुडाशी पाही, मान हलवी, आणि मग मुले कापत. त्या वर्षी मात्र तिचा गुडघा सुजला आणि तिला ओसरीवरच बसून राहावे लागले. शेवंता मैत्रिणींना घेऊन आजीशिवायच निघाली. स्वतः भरलेली तिची ती पहिली टोपली असणार होती.

दुपार कलताना मुली परतल्या. शेवंताच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि डोक्यावरची टोपली काठोकाठ भरली होती. तिच्यावर सागाचे पान झाकलेले होते.

"काय गं शेवंते," शेजारचे बाळोबा म्हणाले, "टोपली तू आणलीस, की टोपलीनं तुला आणलं?"

"रस्सा वाढताना तुम्हाला शेवटी वाढीन, बाळोबाकाका," शेवंता म्हणाली, आणि सगळे हसले.

गाव ओसरीभोवती जमले. शेवंताच्या आईने चुलीजवळ लाकडे रचली होती, खोबरे वाटून ठेवले होते. शेवंताचा लहान भाऊ आपला वाडगा घेऊन सर्वांच्या पुढे बसला होता. कारण पहिला वाडगा टोपली आणणाऱ्या घरातल्या सर्वांत धाकट्याला देण्याची तिथे पद्धत होती.

गिरजाईने एक अळंबी उचलली. पांढरी टोपी, मधोमध लहानसे टोक. तिने दुसरी उचलली. तीही पांढरीच होती, जराशी अधिक गुळगुळीत. तिने वास घेतला, टोपी उलटी करून पाहिली, आणि मग देठाचे खालचे टोक पाहिले. ते विळ्याने स्वच्छ कापलेले होते. तिने तिसरी पाहिली, चौथी पाहिली. साऱ्यांचे देठ तसेच कापलेले होते.

"कुठं मिळाल्या?" तिने विचारले.

"मोठ्या वारुळाजवळ."

"वारुळावर, की वारुळाजवळ?"

शेवंताने आठवून पाहिले. "काही वर होत्या, काही जवळ. पण दिसायला सगळ्या सारख्याच होत्या, आजी."

"आणि देठाखालचे बुंधे?"

"मातीतच ठेवले. तूच शिकवलंस ना? एकही उपटली नाही." हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की गिरजाईला तिच्याकडे पाहवेना.

अळंबीची खरी ओळख बुंध्याशी असते. ती ओळख शेवंताने शिकवल्याप्रमाणे, काटेकोरपणे, मातीत सोडून दिली होती. टोपलीत उरला होता तो केवळ सारखेपणा.

गिरजाईच्या ओसरीवरून आजवर एकही टोपली स्पष्ट उत्तराशिवाय परत गेली नव्हती. याचा तिला अभिमान होता. समोर गाव भुकेले होते. नातीचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. बहुतेक अळंब्या चांगल्याच असाव्यात, असे तिचे मन सांगत होते. पण धाकट्या नातवाच्या वाडग्याकडे पाहताना 'बहुतेक' हा शब्द तिच्या घशाखाली उतरेना.

बाळोबा पुढे सरसावले. "गिरजाई, एवढा विचार कशाला? रश्शात चांदीची अंगठी टाक. काळी पडली तर विष."

"आणि पांढरीच राहिली तर? अंगठीला पोट नसतं, बाळोबा."

"बरं, ही बघ. गोगलगायीनं कुरतडलीय. तिला कुठं काय झालंय?"

"मग हा रस्सा गोगलगायीलाच वाढ. तिचं पोट वेगळं, आपलं वेगळं."

"नीट शिजवल्या तर?" शेवंताच्या आईने हळूच विचारले.

"विषारी अळंबी दिवसभर शिजवली, तरी विषारीच राहते." गिरजाईने हातातली अळंबी टोपलीत ठेवली. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "या अळंब्या मला ओळखता येत नाहीत. चूल पेटवू नका."

शेवंताच्या आईने चुलीजवळची लाकडे बाजूला सारली.

"पण आजी," शेवंता म्हणाली, "तुला तर सगळं ओळखता येतं."

"बुंधा पाहिला की येतं, बाळ. बुंधे तिकडे आहेत आणि मी इकडे बसले आहे."

शेवंताने टोपली अंगणात उलटी केली आणि अळंब्या चिरडण्यासाठी पाय उचलला.

"थांब," गिरजाई म्हणाली. "त्यांनी तुझं काय वाकडं केलंय? विषारी असतील त्याही रानाच्याच आहेत. पडलेला पाला, कुजलेलं लाकूड यांची त्या माती करतात, म्हणून रान उभं आहे. आपल्या ताटात बसत नाही, म्हणून कोणी लाथ मारण्याजोगं होत नाही. उचल, गुरांच्या वाटेपासून दूर, झाडांखाली ठेवून ये. आणि हात स्वच्छ धू."

शेवंताने डोळे पुसत पुसत सारे गोळा केले. त्या संध्याकाळी गावाने पिठले-भाकरी खाल्ली. "अळंबीच्या नावानं पिठलं," बाळोबा पुटपुटत राहिले. पण त्यांनी दोनदा मागून घेतले.

सकाळी गिरजाईने गुडघ्याला फडके बांधले आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून ती रानात निघाली. मागून मुले निघाली, आणि त्यांच्या मागून बाळोबाही.

मोठ्या वारुळापाशी ती खाली बसली. बांबूच्या कामटीने तिने एका कापलेल्या बुंध्याभोवतीची माती हळूहळू बाजूला केली. बुंधा निमुळता होत खोल वारुळात उतरला होता.

"ही आपली," ती म्हणाली.

"मी काल काय म्हणत होतो?" बाळोबा म्हणाले.

तिथून वीतभर अंतरावर दुसरा बुंधा होता. त्याच्याभोवतीची माती गिरजाईने बाजूला केली. हा वारुळात उतरला नव्हता. तो मातीतल्या एका पातळ, पांढऱ्या वाटीत बसलेला होता. गिरजाईचा हात थांबला.

"ही वाटी नीट बघून घ्या," ती मुलांना म्हणाली. "ही अळंबी थोडी जरी पोटात गेली, तरी माणूस वाचणं कठीण. आणि त्रासही लगेच होत नाही. आधी सगळं ठीक वाटतं. त्रास सुरू होतो, तोवर फार उशीर झालेला असतो."

बाळोबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते गुपचूप एका दगडावर बसले. शेवंताने मागे वळून धाकट्या भावाला जवळ ओढले आणि घट्ट धरून ठेवले. तो सुटायची धडपड करू लागला, तरी तिने सोडले नाही.

"आजी, मी तर तू सांगितलंस तसंच केलं," ती बारीक आवाजात म्हणाली.

"तू केलंस ते बरोबरच केलंस. माझं सांगणंच अर्धं होतं." गिरजाईने दोन्ही बुंध्यांवर माती परत लोटली आणि तळहाताने थापटून बसवली. "यापुढे मोठ्या जाणत्या माणसानं प्रत्येक अळंबीची माती अशी सरकवून बुडाशी पाहायचं, मगच तुम्ही कापायचं. तो माणूस बरोबर नसेल, तर टोपली घरीच ठेवायची. आणि त्यालाही शंका आली, तर ती अळंबी तिथेच सोडून सगळ्यांनी पुढे चालायचं."

त्या दिवशी टोपलीचा तळ जेमतेम झाकला गेला. रस्सा पुष्कळ आणि अळंब्या थोड्या, असे जेवण झाले. शेवंताने पहिला वाडगा भावाला दिला आणि तो शेवटचा घोट घेईपर्यंत ती त्याच्यासमोर बसून राहिली. पुढे त्या गावात कोणालाही अळंबीची बाधा झाली नाही. आणि रानातल्या पांढऱ्या, विषारी अळंब्याही आपापल्या जागी निर्धास्त उगवत राहिल्या.

तात्पर्य: जे ओळखता येत नाही, ते रानाचे रानातच राहू द्यावे, आणि 'मला ओळखता येत नाही' असे सांगण्याची लाज कधीही बाळगू नये.