गाळातलं गलबत

"ती काढून टाकता येते का, बाबा?"

"काय?"

"इच्छा."

टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीवर कमालशा फकीर बसला होता. त्याने मान वर केली. लोक इथे इच्छा पुरी करून मागायला येत. कुणाला मूल हवं असे, कुणाला दर्यावर गेलेला माणूस सुखरूप परत हवा असे. काढून टाका म्हणणारा कुणी आला नव्हता.

समोर हरबा मेस्त्री उभा होता. खाडीकाठी गलबतं बांधणारा सुतार. मोठा मानी माणूस. उरुसाला सगळं गाव टेकडी चढे, तेव्हा हा खाली आपला रंधा मारत बसे. देवाने हात दिलेत, आता आणखी काय मागायचं, असं म्हणे.

फकिराने त्याला बसायला सांगितलं. हरबा बसला नाही. उभ्या उभ्याच सांगू लागला.

त्याला एक गलबत बांधायचं होतं. गिऱ्हाइकाचं नव्हे, स्वतःचं. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्यांची गलबतं बांधत आला. गलबत पाण्यात लोटलं की मालक शीड उभारून निघून जाई, आणि बाप काठावर हात पुसत उभा राही. ते बघत बघत हरबा मोठा झाला, आणि ती गोष्ट त्याच्या मनात जी रुतली ती रुतलीच.

दिवसभर लोकांच्या होड्या दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या उजेडात आपलं काम. साग मिळेल तसा आणायचा. एखाद्या वर्षी चार फळ्या चढत, एखाद्या वर्षी एकही नाही. फळ्यांमधल्या फटी बुजवायला त्याची बायको यमुना कापसाच्या वाती वळून तेलात भिजवून देई. नवी नवरी होती तेव्हा वळू लागली. वळता वळता म्हातारी झाली. शेवटच्या दुखण्यात तिने एकच विचारलं, डोलकाठी उभी राहिली का? राहिली, असं हरबाने सांगितलं.

राहिली नव्हती. ती गेल्यावर त्याने डोलकाठी उभी केली.

या उन्हाळ्यात गलबत पुरं झालं. आणि तोवर खाडी मेली होती.

वरच्या डोंगरांवरची झाडं तुटली. दर पावसाळ्यात माती खाली येत राहिली, तळ वर वर येत गेला. हरबाला ते दिसत नव्हतं असं नाही. त्याला वाटत होतं, आपण आधी पोचू. आता मोठ्या भरतीलासुद्धा गलबतापुढे गुडघाभर पाणी येई. गावची माणसं बोलावून त्याने चर खणला. पुढच्या भरतीने तो भरून टाकला. पुन्हा खणला, पुन्हा भरला. मग माणसं यायची थांबली. काही दिवस तो एकटाच खणत होता. मग तोही थांबला.

मोडून लाकूड विकून टाक, लोक म्हणाले. तो कुऱ्हाड घेऊन गेलाही. पण फळीवर हात टेकला आणि ती कुठून आणली, विस्तवावर कशी शेकली, कशी वाकवली, सगळं हातालाच आठवलं. कुऱ्हाड तिथेच टाकून तो तडक टेकडी चढला होता.

"मोडवत नाही," हरबा म्हणाला, "आणि पाण्यात जात नाही. पहाटे डोळा उघडला की मला ते अजून हवंच असतं. मी म्हातारा झालो, बाबा. ही इच्छा नाही झाली. तेवढी उपटून काढा. मग मला सुखाने मरता येईल."

फकिराने विचारलं,

"कुठे जाणार होतास?"

हरबाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. यमुनेनेसुद्धा नाही.

"कुठे म्हणजे… ठरलं नव्हतं. माझ्या हातचं गलबत, आणि त्यात मी. मागे वळून बघावं, तर किनारा दिसू नये. एवढंच."

"आणि पुढे?"

"पुढे पाणी."

फकीर थोडा पुढे सरकला. शीड कुठल्या कापडाचं, ते त्याने विचारलं. वारा पडला तर काय करायचं होतं? रात्री दिशा कशी धरणार होतास? सुकाणूवर हात ठेवला की कसं वाटतं? हरबा सांगत गेला. सांगताना त्याचे हात हवेत हलू लागले, आवाज चढला, आणि मध्येच त्याचं त्यालाच ते कळलं. तो थांबला.

"हे कशाला विचारता? जखमेवरची खपली कशाला काढता? येत असेल तर काढा ती, नसेल तर नाही म्हणा."

"येते," फकीर म्हणाला.

…

मग फकिराने आपली हकिकत सांगितली. तरुणपणी तो याच पायरीवर आला होता, हेच मागायला. त्याचे मुर्शिद, म्हणजे गुरू, फार दयाळू होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, दुआ म्हटली. दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा आतून काहीच दुखत नव्हतं. तेव्हापासून तो इथेच आहे. लोक त्याच्या चेहऱ्यावरची शांती बघायला येतात.

"म्हणजे जाते," हरबा म्हणाला.

"जाते."

"तुम्हाला काय हवं होतं, बाबा?"

फकिराने तोंड उघडलं. ओठ हलले. तो समुद्राकडे बघत राहिला, मग आपल्या दोन्ही हातांकडे, जणू त्यांना तरी ठाऊक असेल.

"आठवत नाही," तो म्हणाला.

…

"गाणं होतं की कुणी माणूस होतं… की एखादं गाव होतं," फकीर म्हणाला. "पुष्कळ आठवून पाहिलं. तिथे काहीच नाही."

हरबा खाली बसला. खालच्या चिखलात त्याचं गलबत कलतं उभं होतं, शीड नसलेली डोलकाठी वर करून. त्याने तिकडे पाठ केली.

"विसरलेलं बरं," तो म्हणाला. "मला विसरायचंच आहे. ठेवा हात."

आणि त्या मानी माणसाने मान खाली घातली.

बराच वेळ डोक्यावर हात आला नाही. हरबाने वर पाहिलं. फकिराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याने हरबाचा भेगाळलेला हात दोन्ही हातांत घेतला. पगडी उतरवून बाजूला ठेवली. तो हात आपल्या उघड्या डोक्यावर ठेवला, आणि त्याच्यापुढे वाकला.

"टाकायचीच असेल," फकीर म्हणाला, "तर मला दे."