गवतात गेलेलं ओंबीपूर

एका राज्यात समुद्र होता, डोंगर होते, आणि दोन्हींपासून सारखंच लांब, सपाट माळावर, ओंबीपूर नावाचं छोटंसं नगर होतं. नगरात तीर्थ नव्हतं, हिऱ्याची खाण नव्हती, राजवाडाही नव्हता. पण संथा नदीला बारमाही पाणी होतं, गहू कोठारात मावत नव्हता, आणि तिथल्या सुतारानं केलेलं गाडीचं चाक आजा वापरी, ते नातवालाही पुरे. घरांना कुलपं नव्हती. पोरं एकटी शाळेत जात आणि येताना कुणाकडे जेवून आली हे आईला संध्याकाळी कळे.

एवढं सगळं असून ओंबीपूरकरांना एक खोड होती. पाहुण्यानं भाकरीची तारीफ केली की बाई म्हणे, "कसली मेली भाकरी, करपलीय." चाकाची तारीफ केली की सुतार म्हणे, "चालतंय कसंबसं." आपल्या वस्तूला आपणच चांगलं म्हणणं म्हणजे त्या नगरात चारचौघांत ढेकर देण्यासारखं होतं. नम्रता चांगली, कोण नाही म्हणतो? पण अति तिथे माती. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, म्हणून घरात बोलताना जपून बोलावं, हे जुनी माणसं उगाच सांगत नाहीत.

एका सुगीत मायाधर नावाचा जादूगार साध्या वाटसरूच्या वेषात तिथे आला. त्याच्या गाडीचं चाक मोडलं होतं. सुतारांनी ते बसवून दिलं, एका घरानं जेवू घातलं, दुसऱ्यानं अंथरूण दिलं, आणि मोबदला विचारला तर सगळे लाजले. निघताना वेशीपाशी त्यानं आपलं खरं रूप दाखवलं. सगळं गाव गोळा झालं.

"मी प्रसन्न आहे," मायाधर म्हणाला. "आपल्या नगराविषयी जे बोलाल, ते खरं होईल. सांगा, कसं आहे ओंबीपूर?"

नगरशेठ अनंतपाळ हात जोडून पुढे आले. माणूस न्यायी, विचारी. पण सवयीपुढे विचार कुठला सुचायला?

"नगर कसलं, महाराज? नुसतं गवत आहे."

"पुन्हा विचार करा."

"विचार काय करायचा? गवतच."

"तिसऱ्यांदा विचारतो, शेठजी."

"गवत, महाराज. आहे काय इथं?"

मायाधरानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "तथास्तु."

तेव्हापासून ओंबीपूर बाहेरून दिसेनासं झालं. आतल्यांना बाहेरचं सगळं दिसे, ऐकू येई. बाहेरच्याला मात्र नुसतं गवत. कुणी नगराच्या दिशेनं चालत आला तर गवत तुडवत पलीकडे निघून जाई. ना भिंत लागे, ना आवाज ऐकू येई. आणि आतला माणूस एकदा वेशीबाहेर गेला की त्यालाही मागे गवतच दिसे.

सारंग नावाचा सुतार त्या दिवशी चाकं विकायला राजधानीला गेला होता. त्याची बायको केतकी आणि लहानगी मुलगी मंजी घरी होत्या. सारंग परतला, तेव्हा माळावर त्याचं नगर नव्हतं. तो गवतात फिरू लागला. रोज सकाळी केतकी नगराच्या तटावर उभी राही आणि तो तिच्या पायाखालून हाका मारत निघून जाई. ती ओरडे, मंजी ओरडे. त्याला काही ऐकू येत नसे. त्याची दाढी वाढली, जोडे फाटले, पण माळ सोडून तो गेला नाही. केतकीच्या काळजाचं पाणी पाणी होई.

हिवाळा सरत आला तशी राजाची माणसं माळावर खुंट्या ठोकून गेली. माळ रिकामाच आहे, म्हणून राजाच्या घोड्यांसाठी कुरण करायचं ठरलं होतं. खुंट्यांच्या आत माणूस दिसला तर त्याला हाकलून द्यायचं होतं.

अनंतपाळांनी सभा बोलावली. "कुणीतरी राजाकडे जायला हवं," ते म्हणाले.

"माझ्यात कुठली एवढी अक्कल?" पहिला म्हणाला. "मला बोलता येत नाही," दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं दुसऱ्याचंच नाव सुचवलं. अशानं काय होणार?

केतकी उठली. "मी जाते," ती म्हणाली. मंजीला तिनं शेजारच्या भागामावशीकडे सोपवलं, तिचा पापा घेतला, आणि परत घर दिसेल की नाही याचा विचार करायला नको म्हणून भराभर वेशीबाहेर पडली. मागे वळून पाहिलं तर गवत. तिथेच बसून ती पोटभर रडली.

सारंग धावत आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. "मीही येतो," तो म्हणाला.

"तुम्ही इथून हलू नका. तुम्ही गेलात तर नगर कुठं होतं हे मला कोण दाखवील?"

एवढ्यात गवताच्या काडीवर झुलत असलेली एक साळुंकी म्हणाली, "राजालाही गवतच दिसेल. आधी मायाधराकडे चल, मला वाट माहीत आहे. तुझं घरही मला दिसतंय. छपराचं एक कौल फुटलंय." पाखरांना तो शाप लागला नव्हता, कारण पाखरांनी जन्मात कधी नम्रपणा केलेला नाही.

साळुंकी केतकीच्या खांद्यावर बसली. दोघी चालत चालत एका पिंपळापाशी आल्या. मायाधर तिथे बसला होता. त्याच्या सावलीला ताप आला होता, म्हणून तो तिला वारा घालत होता.

"दिलेला शब्द मलाही परत घेता येत नाही," तो म्हणाला. "पण तोड आहे. तिघांपुढे तुझ्या नगराची तारीफ कर. एक जो व्यापार करतो, एक जो घर शोधतो, आणि तिसरा राजा. तिघंही आपल्या खुशीनं तुझ्यामागून आले पाहिजेत. मात्र खरं आहे तेवढंच बोल. कमी केलंस तरी शाप घट्ट होईल, वाढवलंस तरी होईल."

"तिघं आले की शाप सुटेल?"

"नाही. ते गवतापुढे उभे राहून तारीफ करतील, आणि तुझं गाव आतून 'होय' म्हणेल. मग सुटेल."

केतकी म्हणाली, "तिघांना आणीन, महाराज. पण आमचं गाव होय म्हणेल?"

"ते माझ्या हातात नाही," मायाधर म्हणाला आणि पुन्हा वारा घालू लागला.

वाटेत साळुंकीनं बजावलं, "खरं सोडून बोललीस की कानाला चोच मारीन."

पहिला भेटला तांड्याचा मालक भद्रसेन. राजधानीपासून समुद्रापर्यंत त्याच्या गाड्या चालत, आणि अर्ध्या वाटेत मोडत. तो मोडक्या गाडीपाशी डोकं धरून बसला होता.

"शेठ, आमचं ओंबीपूर म्हणजे तसं काही विशेष..." केतकीनं सुरुवात केली. साळुंकीनं चोच मारली. केतकीनं कान चोळला आणि पुन्हा सुरू केलं. "आमचं ओंबीपूर राज्याच्या मधोमध आहे. रस्ता सपाट. नदीला पाणी. गाडी मोडली तर आमचे सुतार बैलांचं पाणी पिऊन होईपर्यंत ती उभी करतात."

"हिरे मिळतात?"

"नाही."

"रेशीम?"

"नाही. चाकं मिळतात, गहू मिळतो, आणि दिलेला शब्द पाळणारी माणसं मिळतात."

भद्रसेन हसला. "सगळ्या नगरांचे लोक येऊन मला हिऱ्यांच्या गोष्टी सांगतात. नाही म्हणणारी तूच पहिली. मला चाकंच हवी आहेत. चल."

दुसरी भेटली राजधानीत. सगुणा नावाची विणकरीण, नवरा आणि तीन पोरांसह एका अंधाऱ्या बोळात राहत होती. माग लावायला जागा नव्हती, म्हणून नवरा-बायको आळीपाळीनं झोपत. केतकीला तिची फार दया आली, आणि दयेपोटी माणूस वाढवून बोलतं.

"आमच्याकडे या. तिथं कायम वसंत असतो," केतकी म्हणाली. साळुंकीनं असा काही कान धरला की रक्त आलं. "नसतो. थंडी कडाक्याची पडते. वाऱ्यानं गाल फाटतात. पण प्रत्येक घरात चूल पेटलेली असते आणि ज्याची विझली त्याला शेजारी विस्तव देतो. माग ठेवायला ओसरी मिळेल. पोरं नदीवर खेळतील. आजारी पडली तर वैद्य स्वतः चालत येतो. औषधं कडू आहेत."

"आणि शेजार?"

"शेजारणी भोचक आहेत. तुमच्या घरात काय शिजलं ते तुमच्याआधी त्यांना कळेल. पण शिजलं नाही तर तेही कळेल, आणि ताट येईल."

सगुणानं पोरांकडे पाहिलं. "इथं मी या बोळात आले तेव्हापासून कुणी माझं नावसुद्धा विचारलं नाही," ती म्हणाली. "भोचक चालतील."

तिसरा राजा दुर्गसेन. दरबार भरला होता. केतकीनं मुजरा केला.

"महाराज, ज्या माळावर आपण कुरण करणार, तिथं माझं नगर आहे."

"माझी माणसं पाहून आली. तिथं गवत आहे, आणि एक वेडा आहे."

"तो वेडा नाही, महाराज. तो माझा नवरा."

दरबार हसला. राजा हसला नाही. "तुझ्या नगरात असं काय आहे, जे माझ्या राजधानीत नाही?"

केतकीनं पुष्कळ विचार केला. साळुंकी चोच उगारून बसली होती. "महाराज, राजधानीत राजवाडा आहे, कारंजी आहेत, बाजार आहे. आमच्याकडे यातलं काही नाही. पण माझ्या नवऱ्याच्या हातात कला आहे. कुठल्याही नगरानं त्याला घर दिलं असतं. तरी तो सबंध हिवाळा त्या माळावर थंडी खात फिरतो आहे, कारण त्याला दुसरीकडे राहायचंच नाही. आमच्या नगरात असं काय आहे ते मला एका शब्दात सांगता येत नाही. पण ते आहे."

साळुंकीनं चोच खाली केली.

राजा सिंहासनावरून उठला. "माझ्या राजधानीत लोक पोटासाठी येतात," तो म्हणाला. "ज्याच्यासाठी माणूस असा फिरतो, ते नगर मला पाहायचं आहे. पण ऐक, तिथं गवतच असेल तर घोडे सुटतील, आणि तुम्हा दोघांना राज्य सोडावं लागेल."

केतकीनं वाटेत त्यांना शाप आणि त्याची तोड सांगितली. सगळे माळावर आले. सारंग तिथेच होता, वाळून काटकी झालेला. पुढे गुडघाभर गवत, बाकी काही नाही. पण तटावर, कुणालाही न दिसता, सगळं ओंबीपूर उभं होतं, आणि पुढे होते अनंतपाळ.

भद्रसेन गवताला म्हणाला, "ओंबीपूरकरहो, सारंगनं विकलेलं तुमचं एक चाक मी राजधानीत पाहिलं. राज्यात त्याला तोड नाही."

तटावरचे सुतार लाजून म्हणाले, "छे, छे, कसलं काय." गवत कमरेपर्यंत वाढलं.

सगुणा म्हणाली, "तुमच्या शेजाराची गोष्ट ऐकून मी घर सोडून आले. तुम्ही भली माणसं आहात."

तटावरच्या बायका म्हणाल्या, "अगंबाई, आम्ही कसल्या भल्या?" गवत खांद्यापर्यंत आलं.

राजा म्हणाला, "ज्या नगराची लेक अशी बोलते, ते माझ्या राज्याचं भूषण असलं पाहिजे."

अनंतपाळांचे हात आपोआप जुळले. "कसलं भूषण, महाराज? आपण उगाच..." गवत डोक्यावरून गेलं. शेजारी उभा असलेला सारंग केतकीला दिसेनासा झाला. घोडे खिंकाळू लागले.

केतकीला मनापासून राग आला. जन्मात आला नव्हता एवढा. गवतात उभी राहून ती बोलली.

"शेठजी, मला काही दिसत नाही, पण तुम्ही तिथं आहात. मी या लोकांना सांगितलं की माझं नगर चांगलं आहे. राजाच्या तोंडावर सांगितलं. आता तुम्ही म्हणता, नाही. मग मी खोटी ठरले. आपल्या लेकीला परक्यांसमोर खोटं पाडायची रीत आपल्याकडे कधीपासून आली?"

ओंबीपूरकरांना हा पेच आजवर पडला नव्हता. आपली तारीफ कबूल करणं वाईट; पण गावच्या लेकीला पाहुण्यांसमोर खोटं पाडणं त्याहून वाईट. भागामावशीच्या कडेवरून मंजी म्हणाली, "माझी आई खोटं बोलत नाही." नगरशेठांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

अनंतपाळांना घाम फुटला. "बरं आहे," ते पुटपुटले.

गवत खांद्यापर्यंत उतरलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. गवत कमरेपर्यंत उतरलं. केतकीला सारंगचं डोकं दिसलं.

मग त्या म्हाताऱ्या माणसानं डोळे मिटले आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. "होय, महाराज. आमचं नगर फार चांगलं आहे. आमचा त्याच्यावर फार जीव आहे." आणि त्याच्यामागे सगळा तट रडत, हसत, एकमेकांची नजर चुकवत म्हणाला, "होय, आहे."

गवत मातीत गेलं. तट दिसला, वेस दिसली, कोठारं दिसली, धुराडी दिसली. उघड्या वेशीतून मंजी धावत आली. तिनं दाढीवाल्या बापाला क्षणभर ओळखलं नाही, आणि मग ओळखलं. सारंग गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिला असं काही धरलं की राजानंही तोंड फिरवून डोळे पुसले.

खुंट्या उपटल्या गेल्या. घोड्यांना दुसरं कुरण मिळालं. भद्रसेनच्या तांड्याचा मुक्काम कायमचा ओंबीपुरात पडला, त्यामुळे नवी सुतारशाळा उभी राहिली. सगुणाचा माग ओसरीवर वाजू लागला. तिच्यामागून आणखी घरं आली आणि नगरानं नदीपलीकडेही पाय पसरले. मायाधराच्या सावलीचा ताप उतरला. साळुंकीनं वेशीवर घरटं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणच नगर वाचवल्याचं सांगू लागली. तिला कुणी आवरलं नाही.

आणि सारंग? तो घरी जेवला आणि जेवता जेवताच झोपला. त्याच्या हातातला घास केतकीनं हळूच काढून ठेवला, मंजीला त्याच्या कुशीत निजवलं, आणि स्वतः उंबऱ्यावर बसून ती आपलं दार, आपली चूल, आपली गल्ली कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. जसं केतकीला तिचं घर दिसलं, तसं वाट चुकलेल्या सगळ्यांना आपापलं घर दिसो.