भिवामामा बारशाला निघाला

एका गावात एक भोळा भिवा होता. नुसता भोळा होता तोवर ठीक चाललं होतं. पण एक दिवस तो मामा झाला.

गाव कोकणातलं, समुद्राकाठचं. भिवाची थोरली बहीण सुंदरा मात्र पार वर, बर्फाच्या डोंगरात राहायची. तिचा नवरा रावजी तिकडे फौजेत होता. सुंदराला मुलगा झाला आणि आईला तिचा निरोप आला, "बारशाला भिवाला पाठव. इथे आपलं म्हणावं असं कोणी नाही गं."

आईचे गुडघे धरलेले. तिने आंगडं, कुंची, हळदकुंकू आणि एक नारळ बांधून दिला आणि भिवाला समोर बसवलं.

"पावसाचे दिवस आहेत. डोक्यावरचं घोंगडं काढायचं नाही. आणि गाडी आली की बसायचं, सोडायची नाही."

"बरं," भिवा म्हणाला.

गाडी आली. ती कुठे जाते हे विचारायला आईने सांगितलं नव्हतं. भिवा बसला. सोडायची नाही म्हणून शेवटपर्यंत बसून राहिला. उतरला तेव्हा समोर वाळूच वाळू. डोळे उघडवेनात असं ऊन. भिवा घोंगडं घट्ट पांघरून चालू लागला आणि थोड्या वेळाने आडवा झाला.

एका म्हाताऱ्या उंटवाल्याने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "घोंगडं कशाला रे?"

"पाऊस येईल म्हणून."

"इथे? माझ्या नातवाला अजून पाऊस माहीत नाही! अरे बाबा, हा मुलूख वेगळा. इथे माणूस पाण्यावाचून मरतो. कोणी आडवा पडलेला दिसला की काही विचारायचं नाही. आधी पाणी पाजायचं."

"बरं," भिवा म्हणाला. म्हाताऱ्याने त्याला कातडी पिशवीभर पाणी दिलं. भिवाने घोंगडं त्याच्या उंटाला पांघरलं.

मग दुसरी गाडी आली. भिवा बसला. वाटेत कुंची काढून बघितली. एवढंसं डोकं असेल का भाच्याचं? आपल्या मुठीएवढं? त्याला उगाच हसू आलं.

ही गाडी थांबली ती नदीच्या मुलखात. नदीला पूर आला होता. झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते, माणसं छपरांवर बसली होती. काठावर एक माणूस आडवा पडला होता. नुकताच पाण्यातून ओढून काढलेला. लोक त्याचं पोट दाबून पाणी काढत होते.

आडवा माणूस! भिवा गर्दीत घुसला आणि पिशवी त्याच्या तोंडाला लावली. खालून लोक काढत होते, वरून भिवा भरत होता.

"अरे, काय करतोस?" त्या माणसाचा भाऊ ओरडला.

"पाणी पाजतोय."

पुढचा थोडा वेळ भिवाला बोलायला सवड मिळाली नाही. पाठीला मुकामार बसला. तो बुडालेला माणूस उठून बसला आणि त्यानेही एक दिली. मग भाऊ म्हणाला, "पाणी पाजतोस काय! पाणी आलेलं दिसलं की ओरडायचं, 'पाणी आलं, पळा!' आणि म्हातारंकोतारं उचलून झाडावर चढवायचं. कळलं?"

"बरं," भिवा म्हणाला.

तिसरी गाडी त्याला एका उजाड माळावर घेऊन गेली. तिथे कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. सगळं गाव विहीर खणत होतं. तळाशी पहार मारता मारता एकाएकी झरा फुटला. लोक काठावर धावले. पाटलांची म्हातारी आई ते पाणी बघून रडायला लागली.

भिवाने वाकून बघितलं. पाणी!

"पाणी आलं, पळा!" तो असा ओरडला की निम्मं गाव खरंच पळालं. उरलेल्यांच्या देखत त्याने पाटलांच्या आईला खांद्यावर टाकलं आणि लिंबाच्या झाडावर नेऊन बसवलं.

तिला उतरवायला शिडी आणायला माणसं धावली. पाटील तापले. "अरे शहाण्या, पाणी आलं की पळतात होय? आनंद करायचा! नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, ताशा वाजवायचा. साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असं ओरडायचं, 'पाणी आलं!'"

"बरं."

झाडावरून पाटलांची आई म्हणाली, "याला आधी घालवा रे इथून." मग पाटलांनी स्वतः भिवाला स्टेशनावर नेलं, सुंदराचा पत्ता विचारून घेतला आणि त्याला गार्डाच्या हवाली केलं. म्हणून तो पोचला.

बर्फाच्या डोंगरात सगळं पांढरं. घरं पांढरी, झाडं पांढरी. सुंदराने भावाला बघितलं आणि तिला रडू फुटलं. बारसं त्याच्यासाठीच थांबवलं होतं.

रावजी म्हणाला, "भिवा, एक लक्षात ठेव. छपरावर बर्फ साचलंय. मोठा आवाज केला तर खाली येईल."

"बरं, भावजी."

शेजारच्या बायका जमल्या. बाळाला नवी कुंची घातली. ती त्याच्या नाकापर्यंत आली. सुंदरा म्हणाली, "आत्या नाही, तर तूच कानात नाव सांग. 'शेखर' म्हण. नीट म्हण हं, कानात पहिलं पडेल तेच नाव!"

भिवा पाळण्यावर वाकला. एवढा गोड भाचा! तेवढ्यात बाळाने धार सोडली, ती थेट मामाच्या तोंडावर.

भिवा गोंधळला. भावजींनी आवाज करू नको म्हटलं होतं. पण पाण्याचं कुठे काय म्हणाले होते?

"पाणी आलं!" तो बाळाच्या कानात गरजला. उंबऱ्यावर नारळ फोडला, बाळावर हळदकुंकू उधळलं आणि पितळी परात बडवत नाचू लागला. "पाणी आलं! पाणी आलं!"

शेजारच्या बायकांना वाटलं, यांच्यात असंच असतं. त्यांनी टाळ्या वाजवून नाव म्हटलं, "पानीआलं! पानीआलं!"

आणि अर्ध्या छपरावरचं बर्फ धाडकन दारात आलं. दार बंद झालं.

सुंदरा कपाळाला हात लावून बसली. रावजी फावडं घेऊन खिडकीतून बाहेर पडला आणि दार मोकळं करायला लागला. खणता खणता खिडकीकडे वळून दातओठ खात म्हणाला, "यापुढे तुला काहीही सांगायचं असलं ना, अगदी काहीही, तर जवळ यायचं आणि कानात हळूच सांगायचं. समजलं?"

"बरं," भिवा हळूच म्हणाला.

रावजी पुन्हा खणायला लागला. भिवाने खिडकीतून डोकं काढून वर बघितलं. उरलेल्या अर्ध्या छपरावरचं बर्फ सरकत होतं, आणि ते बरोबर भावजींच्या डोक्यावर होतं.

भिवा घाईघाईने खिडकीतून उतरला, पण पाय न वाजवता. भावजींच्या जवळ गेला. त्यांच्या लोकरी टोपीचा कानपट्टा नीट वर केला, कानाशी हाताचा आडोसा धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "भावजी, वरून..."

पुढचं त्याने बर्फाखालून सांगितलं. हळूच.