ओमाथ्यावरची तिसरी हाक

ओमाथ्याच्या कथेतल्या त्या पोरीला कुणीतरी भ्यायला शिकवलं आणि नंतर सगळे हात झटकून मोकळे झाले. कुणी शिकवलं, ते कथेत येत नाही. सांगणाऱ्या बाईंना मी दोनदा विचारलं, तरी नाही.

ओमाथा हा डोंगर काही मोठा नाही. सकाळी पोळीभाजीचे डबे घेऊन निघालं की लहान मुलंसुद्धा जेवणाआधी माथ्यावर पोचतात. वाट गवतातून जाते, शेवटी एक अरुंद खिंड लागते आणि खिंडीच्या वर सपाट माथा. एका बाजूला सावकाश उतार, दुसऱ्या बाजूला सरळ तुटलेला कडा. तिथं आता लोखंडी कठडा बसवला आहे. पायथ्याशी कुणीतरी हौसेनं 'ॐमाथा' अशी पाटी रंगवली आहे. ती चूक आहे. हा ओंकार नव्हे. आपण हाकेला देतो ना, ती ही ओ.

हे आम्हा सहलीला आलेल्यांना भागूबाई ढेबे यांनी सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य माथ्याखालच्या धनगरवाड्यात गेलं आणि या वयातही त्या पाहुण्यांच्या पुढे चालतात. "मावशी, अजून किती राहिलं?" असं आमच्यातल्या एकानं धापा टाकत विचारलं, तेव्हा त्या मागे न बघताच म्हणाल्या, "बोलत ऱ्हायलास तर लांब हाय, बाबा. गप चाललास तर ह्ये काय." खिंडीत मात्र त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि त्यांचा आवाज बदलला.

फार पूर्वी धनगरवाड्यात धुरपा नावाची बाई राहत होती म्हणे. नवरा गेलेला, एकच मुलगी, ठमा. त्या काळी सगळा वाडा एक गोष्ट मानायचा. धुक्यात रानातलं काहीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारतं. पण त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटत नाही. म्हणून रानात कुणाचीही हाक आली, अगदी आईची आली, तरी तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. मुलं चालायला लागली की त्यांना आधी हे शिकवायचे.

एका श्रावणात ठमा चुकलेलं करडू शोधत माथ्यावर गेली आणि धुकं उतरलं. पोर शहाणी. ती वाट शोधत भटकली नाही. मोठ्या दगडाच्या आडोशाला करडू मांडीवर घेऊन बसून राहिली. तिला शोधायला धुरपा वर आली. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं.

"ठमे," पहिली हाक आली. ठमानं आवाज ओळखला. तोंडातून ओ निघणार तोच तिनं स्वतःच्या तोंडावर हात धरला, असं सांगतात. दुसरी हाक आणखी जवळून आली, पण दगडाच्या पलीकडून, कड्याच्या बाजूनं. तेव्हा ओ आली असती, तर धुरपा आवाजाच्या दिशेनं वळली असती. ठमानं तिसऱ्या हाकेला ओ द्यायची म्हणून श्वास भरून घेतला.

तिसरी हाक आली नाही.

धुकं विरलं तेव्हा कड्याच्या टोकाशी धुरपाची घोंगडी पडलेली होती. वाड्यातल्या माणसांनी पोरीला पोटाशी धरलं आणि सांगितलं, तू शिकवल्याप्रमाणे वागलीस, तुझी काही चूक नाही. ठमाला तेच सहन होईना. "मी वळखलं हुतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

पुढे तिनं आईच्या नावानं शपथ घेतली की यापुढे एकही हाक ऐकून गप्प राहायचं नाही. कुणी कुणालाही हाक मारो, ठमा ओ द्यायची. वाड्यातली टारगट पोरं तिचं नाव घेऊन लपून बसायची. त्यांनाही ती दर वेळी ओ द्यायची, न रागावता. अखेर पोरांनाच लाज वाटली. आणि धुकं उतरलं की ती माथ्यावर त्याच दगडापाशी जाऊन बसायची आणि सारखी ओ देत राहायची, म्हणजे वाट चुकलेल्याला कळावं की माणूस इकडे आहे, कड्याकडे जाऊ नको. कितीतरी माणसं त्या आवाजाच्या दिशेनं वळली आणि घरी पोचली, असं सांगतात.

ती म्हातारी झाली. एका धुक्याच्या दिवशी खालच्या माणसांनी तिची ओ ऐकली, पण ती रोजची नव्हती. लहान मुलीनं खेळ टाकून धावत यावं तशी होती म्हणे. मग काही ऐकू आलं नाही. लोक वर गेले तेव्हा ठमा दगडाला टेकून शांत बसलेली होती, अंगात प्राण नव्हता. तिसरी हाक आली असावी, असं वाडा मानतो.

आजही या डोंगरावर घरची मोठी माणसं खिंडीत मागे थांबतात आणि मुलं पुढे माथ्यावर जातात. खालून नाव घेऊन एकदाच हाक मारायची आणि वरून लगेच ओ द्यायची. मग मोठ्यांनी वर जायचं आणि मुलांनी त्यांना हाक मारायची. आमच्यातल्या एका मुलीनं "बाबा" म्हटलं, तर तो फोनवर फोटो बघत "हां, एक मिनिट" म्हणाला. भागूबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मिनिट नगं. ओ दे." त्यानं फोन खिशात टाकला आणि ओ दिली.

सगळ्यांच्या हाका झाल्या, डबे उघडले गेले. बहिणीच्या कुटुंबाबरोबर आलेल्या शैलजाताई अजून कठड्यापाशीच उभ्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या अगदी हळू "ओ" म्हणाल्या. भाचीनं मान वर करून विचारलं, "मावशी, तुला कुठे कुणी हाक मारली?"

"आमची आई एकदाच हाक मारायची गं. माझी ओ तेवढी राहून गेली," शैलजाताई म्हणाल्या.